रापणीचा वाटा

भाषाशास्त्राच्या तासाला आम्ही प्रत्ययांची उत्पादकता वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. हाच शब्द मासेमारीच्या जाळ्याला लावण्याची वेळ २००९ च्या ऑक्टोबरात, मालवणजवळच्या किनाऱ्यावर आली. एका सर्वेक्षणाचे तक्ते भरावयाचे होते : जाळे कोणते, माणसे किती, तास किती, मासळी किती. भागाकार केला की जाळ्याची कार्यक्षमता हाती येते, असा सरळ हिशेब.

रापण या हिशेबात नीट बसत नाही. होडी किनाऱ्यावरून निघते, अर्धवर्तुळाकार जाळे सोडत पुन्हा किनाऱ्याला लागते आणि दोन्ही टोकांचे दोर माणसे वाळूत पाय रोवून ओढतात. तळ वाळूचा हवा, खडक नको. बांगड्यांचा थवाही आपणहून जवळ यावयास हवा. पर्ससीनचे तसे नाही. ते थव्यामागे जाते, त्याला वेढते आणि बटव्याची नाडी ओढावी तसे खालून मिटते. तक्त्यात कोण जिंकणार हे उघड होते.

त्या सकाळी दोराच्या शेवटाला एक म्हातारी होती. तिचा हात दोराला नुसता लागलेला. ‘माणसे’ या रकान्यात आम्ही तिला धरले नाही. धरले असते तर दरडोई आकडा उतरला असता. वाटे घालताना मात्र तिच्या टोपलीतही बांगडे पडले. आमचा कागद पाहून तांडेल म्हणाले, “मास्तरानू, हिका खंय धरलास? दोराक हात लावल्यान मा? मगे वाटो आसा.”

आम्ही काही बोललो नाही. घरी येऊन रकानाही दुरुस्त केला नाही.

पुढे २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. तेव्हा चर्चा मासळीच्या साठ्याची झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. रापणही सर्वस्वी निर्दोष नव्हे. तिच्या बारीक आसात पिल्लेही अडकतात. पण एखादे जाळे किती माणसांना धरून ठेवते, हा रकाना आमच्या तक्त्यात नव्हताच.

उत्पादक प्रत्ययाचे उदाहरण म्हणून आम्ही आजही ‘-कर’ देतो : मालवणकर, रापणकर. फळ्यावर दुसरा शब्द लिहिताना खडू क्षणभर थांबतो. ती म्हातारी रापणकर होती. आम्ही तिला मोजले नव्हते.