हरणाआधी वाट

माझा एक शाळासोबती डेन्व्हरला असतो. यंदा त्याला शेजारच्या वायोमिंग राज्यात म्यूल डिअरच्या शिकारीचा परवाना लागला, सोडतीत. खेचरासारखे लांब कान म्हणून त्या हरणाचं हे नाव. (आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी. कमेंटमध्ये तुटून पडू नका.)

मला वाटलं, हा हरणं शोधत फिरत असेल. तर गडी महिनाभर नकाशाच घेऊन बसलेला! पाणी कुठंय, पहाटे दुर्बीण लावायला टेकडी कुठली, हे सगळं नंतर. आधी जमीन कुणाची ते. रेल्वेला पूर्वी दिलेल्या जमिनींमुळे तिथं बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पडलेत, एक सरकारी, एक खासगी. दोन सरकारी चौकोन भेटतात ते फक्त कोपऱ्यावर. २०२१ मध्ये चार शिकाऱ्यांनी अशा कोपऱ्यावर शिडी ठेवली आणि खासगी मातीला पाय न लावता पलीकडे उतरले. मालकाने लाखो डॉलरचा दावा ठोकला. २०२५ मध्ये अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. मित्राने निवडलेली जागाही अशाच एका कोपऱ्यापलीकडची.

जमीन सरकारची, पण जायचं कुठून? तालुक्याच्या बातम्यांत मी हेच लिहीत आलोय. गायरान उताऱ्यावर आहे, पाणंद कुणाच्या तरी उसात.

मी त्याला आमच्या गावचा नकाशा पाठवला. म्हणाला, "अरे, यात रस्ता दिसतोय की!"

दिसतोय ना. गुरं मात्र अजून डांबरीवरूनच वळसा घालून जातात.