शेवटचे अक्षर

सांगलीच्या गणपती पेठेतील एका जुन्या दुकानात नट-बोल्ट, बेअरिंग आणि पंपाचे सुटे भाग मिळतात. तेथे येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात बहुधा एक झिजलेला तुकडा असतो आणि त्याचे म्हणणे एवढेच असते, "असाच द्या." तो 'असाच' ओळखून देण्यात दुकानदाराचे कसब असते. अर्धा इंची बोल्ट घेतला तरी तो दोन तऱ्हेचा निघतो. जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ मापात त्याला इंचाला १२ आटे असतात, अमेरिकी मापात १३. नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच. एकाच्या नटात दुसऱ्याचा बोल्ट दोन फेरे सुखाने जातो आणि मग अडतो. अजाण माणूस तेथे पान्याला जोर लावतो, आणि नट व बोल्ट दोन्ही गमावून बसतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या दुकानात पाणी शिरले. बेअरिंगचे खोकेच्या खोके गंजून भंगारात गेले. माळ्यावर ठेवलेला हिशेबाचा जुना कॉम्प्युटर तेवढा कोरडा राहिला. त्यानंतर या घरात कोणतीही मोठी खरेदी दोनदा विचार केल्यावाचून झालेली नाही. म्हणूनच आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या थोरल्या लेकीने जेव्हा सांगितले, की लॅपटॉप नको, त्याहून कमी पैशांत सुटे भाग आणून आपण घरीच कॉम्प्युटर जोडू, तेव्हा जेवणाची पंगत काही क्षण गप्प झाली.

वडिलांचा आक्षेप रास्त होता. "तयार घेतला की एक बिल असतं, एक माणूस असतो. तू आठ ठिकाणचे आठ भाग आणणार. चालला नाही तर प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवणार. मग कुणाला धरायचं?"

"मला धरा, पप्पा," लेक म्हणाली.

हे उत्तर धीटपणाचे होते, पण त्याने ४५ हजार रुपये सुरक्षित होत नव्हते. तेवढेच पैसे बाजूला काढलेले होते आणि पडद्यासकट सगळे त्यातच बसवायचे होते. शेवटी वडिलांनी आपल्या धंद्याचीच अट घातली. आधी यादी करायची, प्रत्येक वस्तूपुढे ती का घेतली ते लिहायचे, आणि यादी आठवडाभर तशीच ठेवायची. तोवर एक रुपयाही खर्च करायचा नाही.

कॉम्प्युटरची यादी करताना नवख्याची फसगत होते ती येथेच. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पाहिला तर चांगलाच असतो. तो शेजारच्या भागाला चालतो की नाही, हे त्याच्या खोक्यावर ठळक लिहिलेले नसते. लेकीने इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर निवडला होता. तो ज्या सॉकेटमध्ये बसतो त्याचे नाव एलजीए १७००, कारण त्यात १७०० टाचण्या असतात. एएमडीचा प्रोसेसर त्यात बसणार नाही, इंटेलचा मागच्या पिढीचाही बसणार नाही. एवढे तिने पहिल्याच दिवशी जाणले होते. रॅमपाशी मात्र ती दोन दिवस घुटमळली. या पिढीला डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा दोन्ही तऱ्हेची रॅम चालते, पण मदरबोर्ड त्यांपैकी एकीसाठीच बनवलेला असतो. दोन्ही पट्ट्या सारख्याच लांबीच्या, दोन्हींना २८८ संपर्कबिंदू. फक्त मधली खाच थोडी सरकलेली. बोर्डाच्या नावातही बहुधा शेवटच्या एखाद्या अक्षर-अंकाचाच फरक. तिने एच ६१० जातीचा, डीडीआर ४ चा बोर्ड निश्चित केला आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या लिहिल्या. १६ ची एकच घेतली असती तर पुढे वाढवायला दुसरी जागा मोकळी राहिली असती. पण दोन पट्ट्यांमुळे माहितीची ये-जा दोन वाटांनी होते, आणि हा वेग तिला आजच हवा होता.

आठवडा संपला. रविवारी दुपारी वडील यादी घेऊन बसले, जशी घाऊक मालाची मागणी तपासतात तशी. कॉम्प्युटरचे ज्ञान त्यांना बेताचेच. तरीही पेन्सिल पहिल्याच ओळीवर थांबली.

"आय-५ १२४०० एफ. हे एफ कशाचं?"

"तोच प्रोसेसर आहे पप्पा. सहा कोर, सगळं तेच. उलट दीड हजारानं स्वस्त पडतो."

"तोच असेल तर स्वस्त का?"

लेकीजवळ उत्तर नव्हते. वडिलांनी खणातून दोन बेअरिंग काढून तिच्यापुढे ठेवली. दोन्ही ६२०३. आतले भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. दोन्ही एकाच दांड्यावर बसतात. एकाच्या नावापुढे झेडझेड, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे. दुसऱ्यापुढे २ आरएस, म्हणजे रबराची. "पाण्याजवळच्या मोटारीला झेडझेड दिलं तर चार महिन्यांत गिऱ्हाईक शिव्या देत परत येतं. आकडा जुळला म्हणून माल जुळत नाही. मागचं अक्षर वाच."

त्या अक्षराचा अर्थ शोधायला तिला पाच मिनिटेही लागली नाहीत. एफ म्हणजे ज्यात चित्र उमटवणारा भागच नाही असा प्रोसेसर. त्याच्यासोबत वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते, आणि ते तर तिने पैशांअभावी पुढच्या वर्षावर टाकले होते. त्यातही फसवी गोष्ट अशी की, मदरबोर्डाच्या पाठीवर पडदा जोडण्याची एचडीएमआयची जागा असतेच. वायर नीट बसते, पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळा राहतो. हे सारे भाग आणून जोडून पाहिल्यावर कळले असते, तर घरातल्या त्या जुन्या प्रश्नाचे, कुणाला धरायचे, उत्तर एकच उरले असते. तिने एफ खोडला. दीड हजार कुठून काढायचे याचा विचार करताना नवे कॅबिनेट यादीतून गेले. माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरचीच पेटी वापरायची ठरली. एटीएक्स हा पेट्यांचा आणि बोर्डांचा साचा इंटेलने १९९५ मध्ये आणला आणि त्यातील भोकांच्या जागा आजही तशाच आहेत. म्हणून पंधरा वर्षांपूर्वीच्या पेटीत आजचा बोर्ड बसतो. इतक्या झपाट्याने बदलणाऱ्या या क्षेत्रात एवढे तरी कुणी स्थिर ठेवले, याबद्दल आभारच मानायला हवेत.

पेटी वाचली तशी आतला एसएमपीएसही वाचवावा, असे वडिलांना वाटणे स्वाभाविक होते. "चालतोय की अजून. ४५० वॅट लिहिलंय बघ."

या वेळी लेक अडली. जुन्याला प्रोसेसरसाठी चार तारांचा जोड होता, नव्या बोर्डावर आठांची जागा होती. पण तिची खरी भीती वेगळी होती. वीज पुरवणारा हा भाग बिघडला तर एकटा जात नाही, कधी कधी शेजारच्यांनाही घेऊन जातो. ती एवढेच म्हणाली, "पप्पा, तीनची पाटी लावलेली मोटार दोनचंच पाणी उचलते, हे तुम्हीच सांगता ना?"

वडिलांनी यादीतील एसएमपीएसपुढे मुकाट्याने बरोबरची खूण केली.

भाग पुण्याहून आले. दुकान बंद असलेल्या दिवशी गल्ल्यामागच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून काम सुरू झाले. जोर कुठे लावायचा आणि कुठे नाही, हेच त्या दुपारचे सगळे शिक्षण होते. प्रोसेसर कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा असतो; त्याला दाबायचे नाही, कारण खालची टाचणी वाकली तर बोर्डच गेला. मात्र तो ठेवल्यावर जी दांडी खाली आणायची असते ती करकरते, आणि ती करकर ऐकून लेकीने दोनदा हात मागे घेतला. रॅमच्या पट्टीला चांगलाच दाब द्यावा लागतो, खटका वाजेपर्यंत. पण खाच जुळली असेल तरच. साठवणुकीची एनव्हीएमई पट्टी २२८० या मापाची होती. तो आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० लांबी, हे कळल्यावर वडिलांचा चेहरा उजळला. असे सरळ बोलणारे आकडे त्यांना नेहमीच आवडतात.

बोर्ड पेटीत उतरवताना लेकीने तो पुन्हा वर उचलला. पेटीच्या पत्र्यावर पितळेचे छोटे षटकोनी पाये असतात, त्यांवर बोर्ड टेकतो. जुना बोर्ड रुंद होता. त्याच्यासाठी लावलेला एक पाया नव्या बोर्डाखाली अशा जागी येत होता, जिथे भोकच नव्हते. बोर्डाच्या पाठीवरचे डाक त्या पितळेला टेकले असते तर शॉर्ट झाला असता. तिने तो काढला आणि वडिलांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो काही वेळ निरखला, बोलले नाहीत.

मग ती स्क्रू लावू लागली. तिसरा स्क्रू दोन फेरे गेला आणि अडला. तिने मनगट आवळले.

"थांब!" वडील एकदम उठले. "दोन फेऱ्यांनी अडला म्हणजे आटा वेगळा. उलट फिरव."

पिशवीतले सगळे स्क्रू त्यांनी स्टीलच्या वाटीत ओतले, पिच गेज काढले आणि मिनिटभरात दोन ढीग केले. कॉम्प्युटरच्या पेटीत दोन जातींचे स्क्रू एकत्र नांदतात. एक एम ३, त्याच्या आट्यांतले अंतर अर्धा मिलिमीटर. दुसरा अमेरिकी ६-३२, किंचित जाड, इंचाला ३२ आटे. इतके दिवस यादी करूनही हे लेकीने कुठे टिपले नव्हते. हे तिला ठाऊकच नव्हते. आणि ज्यांना ठाऊक होते ते तिच्या समोरच, तीस वर्षे, याच गल्ल्यावर बसलेले होते.

दिवेलागणीला बटण दाबले. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. पडदा काळाच. नवी रॅम प्रथम ओळखून घेताना यंत्र असे एक-दोनदा स्वतःच बंद होऊन सुरू होऊ शकते, हे लेकीने वाचले होते, तरी तिच्या ओठांना कोरड पडली. वडील घड्याळाकडे पाहत उभे राहिले. मग पडद्यावर अक्षरे उमटली. प्रोसेसरचे नाव आले, एफशिवाय. त्याखाली रॅम, १६ जीबी.

लेकीने श्वास सोडला. वडील चष्मा सावरत पडद्याजवळ वाकले.

"खोक्यावर ३२०० होतं ना? इथं २१३३ का दाखवतंय?"

वजनात कमी भरलेला माल त्यांच्या नजरेतून आजवर सुटलेला नाही. रॅम आधी सावध वेगाने सुरू होते. खोक्यावरचा वेग हवा असेल तर एक्सएमपी नावाची सोय आपल्या हाताने चालू करावी लागते. लेकीने ती चालू केली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. ३२००.

वडिलांनी तो आकडा वाचला, चष्मा खिशात ठेवला, उरलेल्या स्क्रूंच्या दोन पुड्या बांधल्या आणि प्रत्येकीवर पेन्सिलीने आट्याचे माप लिहिले.