अंधार पडला, हे कोणी ठरवायचं?

आमच्या घराण्याचा विजेशी संबंध बिल भरण्यापुरताच. मी बी.कॉम., बँकेत कारकून. 'करंट' म्हटलं की मला करंट अकाउंटच आठवतं. त्यामुळे नववीतली कन्या "बाबा, सेन्सर घ्यायला चला" म्हणाली तेव्हा मी तिच्या आईकडे पाहिलं. तिच्या आईनं कणकेकडे पाहिलं.

नाव विज्ञान प्रदर्शनाचं, पण खरं कारण माझी आई. गेल्या पावसाळ्यात रात्री न्हाणीघराकडे जाताना ती बोळात पडली आणि उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. दिव्याचं बटण हाताशी होतं, पण "चाळीस वर्षांची पायाखालची वाट, तिला दिवा कशाला?" हा तिचा सवाल. तेव्हा नातीनं ठरवलं, अंधार झाला की आपोआप लागणारा दिवा करायचा.

शाहूपुरीतल्या एका दुकानदारानं काचेवर तीन वस्तू मांडल्या आणि विचारलं, "साहेब, उजेड किती हाय ते मोजायचंय, का हाय की न्हाई एवढंच बघायचंय?"

इतका नेमका प्रश्न मी बँकेच्या कुठल्याही फॉर्मवर वाचलेला नाही.

पहिला एलडीआर. मसुराएवढा, अंगावर नागमोडी रेघ. अंधारात याचा रोध दहा लाख ओहमच्या घरात, भर उन्हात काही शेंवर. म्हणजे आमच्या एका जुन्या साहेबांसारखाच; चार लोक बघताहेत म्हटलं की विरोध मावळायचा. स्वभावानं जरा संथ, पण दिवा लावायला घाई कुणाला आहे? दुसरा फोटोडायोड, भलताच चपळ, पण त्यातून निघणारा प्रवाह इतका बारीक की तो वाढवायला वेगळी जुळणी हवी. तिसरा बीएच १७५०. हा उजेड सरळ लक्समध्ये सांगतो, १ पासून ६५,५३५ पर्यंत.

आकडे म्हटले की माझा जीव अडकतो. शिवाय मी कोल्हापूरचा. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, आधी पायांवर, मग चढत चढत मुखापर्यंत. त्यांची प्रखरताही अभ्यासक लक्समध्येच मोजतात. ढगानं किती खाल्ला, वाटेतल्या इमारतीनं किती अडवला, तिथं हा हिशेब हवाच. मी हे सगळं दुकानदाराला ऐकवलं. मागं गिऱ्हाइकं खोळंबली.

"बाबा," कन्या म्हणाली, "आजीला पाय दिसायला हवेत. लक्स नकोत."

एलडीआर घेतला. दहाची नोटही पुरती मोडली नाही.

एलडीआर, एक रोधक, ट्रान्झिस्टर, रिले आणि अडॅप्टरवर चालणारा छोटा दिवा, एवढं दोन रविवारांत जुळलं. तिन्हीसांजेला उद्‌घाटन. अंधारलं, टक्‌ करून दिवा लागला. एलडीआर दिव्याशेजारीच; त्याला वाटलं उजाडलं. टक्‌, बंद. पुन्हा रात्र, टक्‌. मिनिटाभरात आमच्या बोळात महिना उलटला. आई म्हणाली, "बंद करा रे, कुणाची तरी नजर लागलीय." नजर त्याचीच त्याला लागली होती. कन्येनं स्केचपेनच्या काळ्या टोपणाची नळी करून एलडीआरला घातली, तोंड खिडकीकडे वळवलं. दिवा ताळ्यावर आला.

आठवड्यानं रात्री दोनला "टक्‌" ऐकू आलं. मी धावत बोळात गेलो, मनात ते पडणंच. आई उभी होती. डाव्या हातात बॅटरी, झोत थेट त्या टोपणात.

"काय करतेयस?"

"विझवतेय. रात्रभर जळतोय मेला. बिल कोण भरणार?"

मी तिथल्या तिथं हिशेब मांडला: ३ वॉट, रात्रीचे १० तास, महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही. "आणि त्या बॅटरीच्या सेलचे पैसे?"

"ते तुझ्या टेबलाच्या खणातले आहेत," आई म्हणाली. "फुकट."