वाट दाखवणारा थकतो तेव्हा



प्राण्यांचे उपयोग आपण सगळेच शिकवतो. बैल नांगर ओढतो, गाय दूध देते, कुत्रा राखण करतो. फळ्यावर तीन ओळी, वहीत तीन ओळी, झालं. पण काम करणारा प्राणी म्हातारा झाला की पुढे काय, हे मी शिकवलेल्या कुठल्या पाठात आल्याचं मला आठवत नाही. यंदा तिसरीच्या वर्गात हा प्रश्न मुलांनीच काढला. त्यावर आमचे चार तास गेले, आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही.

विषय निघाला तो अंध माणसाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचा. मुलांनी त्याचं नाव लगेच ठेवलं, 'वाटाड्या कुत्रा'. आपल्या बीडकडे असा कुत्रा पाहायला मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगावं लागलं. पहिल्या महायुद्धात अनेक जर्मन सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी 1916 मध्ये ओल्डेनबर्ग इथे असे कुत्रे तयार करणारी शाळा निघाली. पुढे 1928 मध्ये मॉरिस फ्रँक नावाचा अंध तरुण अमेरिकेतून स्वित्झर्लंडला गेला आणि बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परतला. रहदारीचा रस्ता तो तिच्या भरवशावर ओलांडायचा. ही बडी 1938 मध्ये गेली. त्यानंतरच्या कुत्र्याचं नावही त्याने बडीच ठेवलं.

इथे एका मुलाने हात वर केला, "मॅडम, ती म्हातारी झाली तवा तिला दिसत होतं का?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. असा कुत्रा साधारण दोन वर्षांचा असताना कामाला लागतो आणि आठ-दहा वर्षांचा झाला की त्याला कामातून मोकळं करतात. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर मागच्या पायांचे खुबे दुखू लागतात, सांधे आखडतात, डोळ्यात मोतीबिंदू येऊ शकतो. पण मालकाला तर दिसतच नाही! कुत्रा लंगडतोय हे त्याला कळणार कसं?

हातातून कळतं. कुत्र्याच्या अंगावरच्या पट्ट्याला एक ताठ दांडा असतो आणि मालक तो धरून चालतो. कुत्र्याची चाल, वळण, थांबणं सगळं त्या दांड्यातून हाताला कळतं. कुत्रा थकला की दांड्याची ओढ कमी होते. पायरीपाशी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबतो. रोजचा रस्ता लांबत जातो. अवघड गोष्ट अशी की पट्टा हातात घेतला की तो म्हातारा कुत्रा अजूनही शेपटी हलवत उठतो. त्याच्या उत्साहावरून त्याची तब्येत ठरवता येत नाही. तो 'आता पुरे' म्हणणार नाही. ते माणसानेच म्हणायचं, आणि ज्याचं चालणंफिरणं त्या कुत्र्यावर अवलंबून आहे त्यानेच म्हणायचं.

मग त्याची काळजी काय घ्यायची? वजन वाढू द्यायचं नाही, कारण सगळा भार दुखऱ्या सांध्यांवर येतो. गार फरशीवर न झोपवता जाड अंथरूण द्यायचं. गुळगुळीत फरशीवर पोतं किंवा सतरंजी टाकायची, म्हणजे पाय घसरत नाहीत. फिरवणं बंद करायचं नाही, थोडं थोडं फिरवायचं. औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच. (घरी कुत्रा असलेल्या पालकांनी हे लक्षात ठेवावं. आपण अंगदुखीवर घेतो त्या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या बाधू शकतात.) काम सुटल्यावर तो त्याच घरी राहतो, नाहीतर ओळखीच्या कुणाकडे जातो. कधी कधी, पिल्लू असताना ज्यांनी त्याला वाढवलं त्यांच्याकडेच परत जातो.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण मुंबई पोलिसांच्या श्वानांचं. 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी स्फोटकं हुंगून काढणारा झंजीर 2000 साली हाडांच्या कर्करोगाने गेला. तेव्हा तो जेमतेम आठ वर्षांचा होता. 26/11 च्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर मात्र निवृत्तीपर्यंत पोहोचले. त्यांना विरारच्या एका फार्मवर ठेवलं होतं आणि तिथे प्राणीप्रेमी माणसं त्यांचं सगळं करत होती. 2016 या एकाच वर्षात एकामागून एक चौघेही गेले, सीझर सगळ्यात शेवटी.

मुलांना हे पटलं ते बैलांमुळे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलांची खांदमळणी करतो. जू ओढून ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-तूप चोळतो. एक जण म्हणाला, "आमच्या बैलाचे दात झिजलेत. आबा म्हणत्यात, यंदा कारखान्याला न्यायचा न्हाई. पप्पा म्हणत्यात, मग गाडीला कोण?" ऊसतोडीच्या घरात हा प्रश्न साधा नसतो. वडिलांनी कोयत्याची उचल घेतलेली असते.

आणि मग ती बोलली. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला दिसत नाही. आईवडील दिवाळीच्या सुमारास कारखान्याला जातात, ही आज्जीपाशी राहते. रोज आज्जीच शाळेत आणून सोडते.

"मॅडम, आज्जीचा पण दांडा ढिल्ला झालाय."

दोघं-तिघं हसले. आज्जीला कुत्र्याशी जोडलं म्हणून हसले. तिला त्यात कमीपणाचं काही वाटलं नव्हतं, ती तिच्या हाताला जे कळत होतं ते सांगत होती. "आधी आज्जी मला वढायची. आता मीच पुढं असते. वढ्याच्या उताराला ती थांबती अन् म्हणती, चप्पल तुटली. तुटलेली नसती."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दोघींबरोबर ओढ्यापर्यंत चालत गेले. आज्जींचे गुडघे सुजलेले होते आणि एका डोळ्यात मोतीबिंदू पांढरा दिसत होता. मी काठीचा विषय काढला, तर आज्जी फटकन म्हणाल्या, "म्या हाय तवर काठी नगं. काठी दिली की सारं गाव तिला आंधळी म्हणंल."

याला काय उत्तर द्यायचं? गाव म्हणतंच, हे मलाही माहीत आहे. मी वाद घातला नाही. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलावलं आणि आज्जींना शाळेच्या मैदानात बसवूनच पहिला तास घेतला. डावा पाय पुढे तर काठीचं टोक उजवीकडे, उजवा पाय पुढे तर टोक डावीकडे. पहिल्या दिवशी ती झेंड्याच्या खांबाला धडकली. तिसऱ्या दिवशी फाटकापासून वर्गापर्यंत एकटी आली. आज्जी बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. जाताना मला एवढंच विचारलं, "ही काठी मोडली तर दुसरी भेटती का?"

भेटते, म्हणून सांगितलं. मोतीबिंदूच्या शिबिरातही त्यांचं नाव दिलं आहे, अजून तारीख आलेली नाही.

सध्या घरापासून ओढ्यापर्यंत ती काठीने येते, आज्जी दोन पावलं मागे. ओढ्याचा उतार अजून काठीने जमत नाही. तिथे दोघी एकमेकींना धरून उतरतात.