आधी दिवा लावा

बेगमचे औषधपाणी पुण्यात सुरू होते, म्हणून २०२३च्या जूनमध्ये मिरजेतल्या घराला कुलूप लावून आम्ही मुलाकडे गेलो. मोटारसायकल जिन्याखाली उभी केली आणि वर जुनी चादर टाकली. दोन महिन्यांत परतू असा अंदाज होता. परतलो २०२४च्या डिसेंबरात. अल्लाच्या कृपेने बेगम बरी होऊन आली. गाडी मात्र आजारी पडली होती.

गाडीला किक आहे. पण आमच्या गुडघ्याने किकशी केव्हाच फारकत घेतली आहे. सगळी मदार सेल्फवर. बटण दाबले तर नुसते कटकटकट! बॅटरी गेली, असे म्हणून आम्ही लगेच नवी आणून बसवली. आता आवाज बदलला. एकदाच 'टक्', आणि पुढे शांतता. मोहल्ल्यातल्या जाणकारांची बैठक भरली. कुणी म्हणाले वायरिंग उंदरांनी खाल्ले, कुणी म्हणाले भंगारात द्या. सेल्फची मोटर जळाली, असा आमचा स्वतःचा निकाल होता.

शेवटी स्टेशनकडच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीला निरोप धाडला. हा आमचा जुना विद्यार्थी. घरी-दारी दखनी बोलणारा. पण आमच्याशी अजून मराठीतच बोलतो. वर्गातली सवय.

त्याने पिशवीतून मीटर काढला आणि विचारले, "सर, जुनी बॅटरी काढण्याआधी मोजली होती का?"

"नाही. आवाजावरून कळलेच की."

तो काही बोलला नाही. किक दोनदा दाबून पाहिली; इंजिन मोकळे होते. नवी बॅटरी मोजली; १२.६ व्होल्ट भरले. मग म्हणाला, "आधी दिवा लावा. आता बटण दाबा. दिवा मंद झाला?"

दिवा होता तसाच राहिला.

"मंद झाला असता तर समजायचं की मोटर करंट ओढतेय, एकतर बॅटरीत दम नाही किंवा मोटर अडकलीय. दिवा हलला नाही, म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचतच नाही. पण 'टक्' होतंय. म्हणजे बटण, क्लचचा स्विच, बारीक वायरी ठीक आहेत. अडलंय पुढं, रिलेत."

रिलेच्या दोन जाड टोकांना मीटर लावून त्याने बटण दाबायला सांगितले. काटा शून्याजवळ यायला हवा होता, बारावर राहिला. आतले पॉइंट गंजले होते. दोन पावसाळे ओलाव्यात गेले होते ना!

तरी त्याने लगेच नवा रिले मागवला नाही. पेट्रोलचा कॉक बंद केला, गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री केली आणि जाड वायरीने ती दोन टोके क्षणभर जोडली. ठिणगी उडाली आणि मोटर कण्हल्यासारखी फिरली.

"मोटर जिवंत आहे. पण रोग दोन आहेत, सर."

मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून त्याने पुन्हा वायर जोडली. काट्याने एक व्होल्टहून जास्त दाखवले. अर्थची काळी केबल जिथे इंजिनला आवळलेली होती, तिथे पांढरट-हिरवा थर बसला होता. तो पॉलिश पेपरने घासून त्याने नट आवळला, रिले बदलला. मोटर गरगर फिरू लागली. इंजिन मात्र पेट घेईना. कार्बोरेटरची वाटी सोडली, तर व्हार्निशसारखा वास मारणारे पिवळे पेट्रोल निघाले. जेट साफ केला, टाकीत ताजे पेट्रोल ओतले आणि गाडी सुरू झाली.

"म्हणजे आमची बॅटरी फुकट गेली?"

"नाही. जुनी मी आत्ता मोजली, मेलीच होती. अंदाज बरोबर निघाला. पण तो अंदाजच होता."

चहा पिताना त्याने जाड भिंगांचा चष्मा काढून पुसला. आम्ही सहज विचारले, "चष्मा कधी लागला?"

"गॅरेजला लागलो त्याच वर्षी. प्लगची फट दिसेना, तेव्हा उस्ताद डॉक्टरकडे घेऊन गेले. शाळेत फळासुद्धा दिसायचा नाही, पण मला वाटायचं सगळ्यांना तसाच दिसतो."

चहा आमच्या घशाखाली उतरेना. १९९८ साली हा आठवीत होता. फळ्यावरची गणिते चुकीची उतरवायचा. त्याचे अब्बा शाळेत आले, तेव्हा आम्हीच त्यांना म्हणालो होतो, "याच्या डोक्यात काही शिरत नाही. वेळेवर हातात पाना द्या." पुढच्या आठवड्यापासून त्याचा बाक रिकामा झाला.

२००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधूनच गळाली, हे त्यातले वाक्य आम्ही अनेक व्यासपीठांवरून सांगितले. गरिबीला, पालकांना, सरकारला दोष दिला. रिकामा बाक मात्र एकदाही आठवला नाही. त्याचे काम हलके आहे, असे आम्हाला म्हणायचे नाही. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी याच मिरजेत सतारी घडवल्या. हातातल्या बुद्धीची या गावाला ओळख आहे. पण पाना त्याने निवडला नव्हता. आम्ही निवडला होता, तोही न मोजता.

हे त्याला सांगायला तोंड उघडले, तर तो म्हणाला, "सर, परत पुण्याला जाणार असाल तर लिहून घ्या. बॅटरीची मायनस केबल सोडून ठेवायची. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाकडून तरी चार्ज करून घ्यायची. कार्बोरेटर रिकामा करायचा. सायलेन्सरला फडकं बांधायचं, उंदीर शिरतात. आणि सुरू करण्याआधी ते काढायचं."

आम्ही वहीत मुकाट्याने लिहून घेतले. त्याने वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली, खिशातले पेन काढले आणि आमच्या 'प्लस'वर काट मारून 'मायनस' लिहिले.