वीट, मांजर आणि हलते डोंगर

चित्रपट्टी, म्हणजे तीन-चार चौकटींत एखादा छोटा प्रसंग चितारून वर्तमानपत्रात रोजच्या रोज छापली जाणारी चित्रकथा, हा जन्मापासूनच घाईचा प्रकार आहे. सकाळी ती वाचकाच्या हाती पडते, दुसऱ्या दिवशी रद्दीत जमा होते, आणि तोवर तिचा कर्ता पुढच्या चौकटी आखायला बसलेला असतो. अशा धबडग्याच्या पेशात जॉर्ज हेरिमन या अमेरिकी चित्रकाराने 'क्रेझी कॅट' ही एकच चित्रकथा 1913 पासून 1944 मध्ये मृत्यू येईपर्यंत काढली, तिचे कथासूत्र जवळजवळ एकच ठेवले, आणि तरीही तिचे एक पान दुसऱ्यासारखे होऊ दिले नाही.

ते सूत्र एखाद्या लहान मुलालाही सांगता येईल इतके सोपे आहे. इग्नॅट्झ नावाचा उंदीर क्रेझी नावाच्या मांजराच्या डोक्यात वीट हाणतो. मांजर त्या विटेला प्रेमाची खूण समजून हरखून जाते. आणि मांजरावर मूकपणे जीव लावून बसलेला हवालदार, ऑफिसा पप नावाचा कुत्रा, उंदराला पकडून तुरुंगात घालतो. विटा पुरवायला कोलिन केली हा वीटभट्टीवाला आहेच. उंदराला पत्ता नसतो की आपला द्वेष मुक्कामी पोचेपर्यंत माया झालेला असतो. हवालदाराला उमगत नाही की ज्या गुन्ह्याला आपण आळा घालतो आहोत तेच त्या मांजराचे सुख आहे. आणि मांजराला तर वीट ही वीट आहे हेच ठाऊक नसते. या तीन गैरसमजांपैकी मांजराचा गैरसमज सर्वांत उदार आहे, आणि हेरिमनचे मन सदैव त्याच्याच बाजूला झुकलेले दिसते.

हेरिमनचा जन्म 22 ऑगस्ट 1880 रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात एका क्रिओल कुटुंबात झाला. क्रिओल ही संज्ञा तिथे फ्रेंच, स्पॅनिश आणि आफ्रिकी अशा संमिश्र वारशाच्या, बहुधा कॅथलिक असलेल्या समाजालाही लावली जात असे. या समाजातली अनेक घराणी गुलामगिरीच्या काळातही स्वतंत्र होती, शिकलेली होती, हुन्नरी होती. परंतु 1890 च्या सुमारास लुईझियाना राज्याने आगगाडीचे डबे वर्णानुसार वेगळे करण्याचा कायदा केला आणि त्यांच्या पायाखालची वाळू सरकू लागली. त्या कायद्याला आव्हान देणारा होमर प्लेसी हा चर्मकार याच क्रिओल समाजातला होता, आणि 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल देऊन वर्णविभक्तीला देशभर कायद्याचे कवच दिले. हेरिमन कुटुंबाने निकालाची वाट पाहिली नाही. मुलगा दहा वर्षांचा असतानाच ते लॉस एंजेलिसला गेले आणि तिथे गोरे म्हणून राहू लागले.

तेथील 'हेरल्ड' या दैनिकाच्या ठसे खोदण्याच्या विभागात 1897 मध्ये नोकरीला लागून हेरिमनने पेशाची सुरुवात केली आणि पुढे न्यूयॉर्क गाठले. अनेक वर्षे त्याने क्रीडाचित्रे काढली, अनेक चित्रपट्ट्या सुरू केल्या आणि सोडल्या. 1910 मध्ये विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या वृत्तपत्रसम्राटाच्या 'न्यूयॉर्क इव्हिनिंग जर्नल'मध्ये त्याची 'द डिंगबॅट फॅमिली' ही मालिका सुरू झाली. वरच्या मजल्यावरच्या, कधीच न दिसणाऱ्या बिऱ्हाडाने हैराण झालेल्या एका कुटुंबाची ती गोष्ट होती, आणि तिच्या चौकटींच्या तळाशी उरणाऱ्या मोकळ्या जागेत हेरिमन एक मांजर आणि एक उंदीर काढू लागला. वर माणसांची भांडणे चालू असताना खाली त्या उंदराने मांजराच्या डोक्यात काहीतरी हाणले. उरल्यासुरल्या जागेत जन्मलेल्या या जोडीला 28 ऑक्टोबर 1913 रोजी स्वतःची चित्रपट्टी मिळाली आणि 23 एप्रिल 1916 पासून रविवारचे पूर्ण पान मिळाले.

या पूर्ण पानावर हेरिमनची खरी प्रतिभा मोकळी झाली. त्याने आपल्या प्राण्यांना ॲरिझोना राज्यातल्या कोकोनिनो परगण्यात वसवले. हा परगणा नकाशावर खरोखरच आहे, मात्र चित्रांतला प्रदेश मुख्यतः ॲरिझोना आणि युटा यांच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीचा आहे, जिथे सपाट माथ्याचे तांबूस खडक मैलोन्‌मैल पसरलेल्या वाळवंटातून सरळ उभे राहतात. नवाहो या मूलनिवासी जमातीच्या या भूमीत हेरिमन पुनःपुन्हा जाऊन राहिला, आणि त्यांच्या विणकामातल्या नागमोडी पट्ट्या त्याच्या चित्रांतल्या आभाळात आणि झाडांच्या बुंध्यांवर उतरल्या. एखादे पान हाती घेऊन मागच्या दृश्याकडेच लक्ष दिले, तर पहिल्या चौकटीत मांजराच्या पाठीमागे असलेला सुळका दुसऱ्या चौकटीत झाड होतो, तिसऱ्या चौकटीत ते झाड कुंडीत जाऊन बसते, दिवसाची मधूनच रात्र होते, आणि बोलणारी पात्रे जागची तसूभरही हललेली नसतात, त्यांच्या बोलण्यातही खंड पडत नाही. बोरूने खरडल्यासारख्या भासणाऱ्या, जराशा थरथरत्या रेघेमुळे हे सगळे बदल सहज वाटतात, जणू तिथल्या डोंगरांची रीतच तशी आहे.

मांजर नर की मादी, याचाही हेरिमनने कधी निकाल लावला नाही. दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांनी आत्मचरित्रात नोंदवल्याप्रमाणे, त्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा क्रेझी ही परीसारखी, लिंगभेदापलीकडची काहीतरी वस्तू आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले.

हेरिमनच्या जन्माचा दाखला 1971 मध्ये समाजशास्त्रज्ञ आर्थर एसा बर्जर यांच्या हाती आला आणि त्यावरील वर्णाच्या नोंदीवरून तो कृष्णवर्णीय वंशाचा असल्याचे जगाला कळले. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र तो गोरा आहे. सहकारी त्याला 'ग्रीक' म्हणत, आणि बहुतेक छायाचित्रांत त्याच्या डोक्यावर हॅट असते. तेव्हापासून त्याची जुनी पाने नव्या नजरेने वाचली जाऊ लागली. एका पानात काळे मांजर सौंदर्यप्रसाधनगृहातून पांढरेशुभ्र होऊन बाहेर पडते, उंदीर त्या अनोळखी रूपावर भाळतो आणि ओळख पटताच वीट उचलतो. जन्मभर खरे मूळ झाकून वावरलेल्या माणसाने हे चित्र काढले, हे कळल्यावर ते पूर्वीसारखे निव्वळ गमतीचे राहत नाही, आणि राहूही नये. तथापि सबंध 'क्रेझी कॅट' म्हणजे एका गुपिताची सांकेतिक कबुली होय, असे मानणे अन्यायाचे ठरेल. कारण ज्या कलावंताने एका डोंगरालाही दोन चौकटींत एकच रूप घेऊ दिले नाही, त्याच्या साऱ्या कामाला एकाच अर्थाला बांधून टाकणे त्या कामाच्या स्वभावालाच सोडून आहे.

सामान्य वाचकांत ही चित्रकथा कधीच फार लोकप्रिय नव्हती. समीक्षक गिल्बर्ट सेल्डिस यांनी 1924 मध्ये तिची गणना अमेरिकेतल्या श्रेष्ठ कलाकृतींत केली, 1922 मध्ये जॉन ऑल्डन कार्पेंटर यांनी तिच्यावर नृत्यनाट्य रचले, परंतु संपादकांना ती नकोशी होती. ती टिकली ती हर्स्टच्या आवडीमुळे. एरवी खपासाठी वाटेल ते छापणाऱ्या या मालकाने ही एक गोष्ट खपाकडे न बघता जपली, याचे श्रेय त्याला मोकळेपणाने द्यायला हवे.

हेरिमनची अखेरची वर्षे दुःखाची होती. पत्नी मेबल 1931 मध्ये मोटार अपघातात गेली, धाकटी मुलगी बार्बरा 1939 मध्ये गेली, आणि तरीही 1935 पासून रंगीत छापली जाणारी रविवारची पाने अधिकाधिक प्रशस्त आणि मोकळी होत गेली. 25 एप्रिल 1944 रोजी तो झोपेतच वारला, तेव्हा चित्रफळ्यावर पेन्सिलीने आखलेल्या, शाई न भरलेल्या चौकटी तशाच होत्या. लोकप्रिय चित्रपट्टीचा कर्ता गेला की ती दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची तिथे रीत होती. हर्स्टने 'क्रेझी कॅट' कोणालाही न देता बंद केली, आणि तो निर्णय योग्यच होता.

ही पाने आता पुस्तकरूपात मिळतात. ती एका बैठकीत सलग वाचू नयेत. मुळात ती आठवड्याला एक अशी बेतलेली होती, तेव्हा एका वेळी एकच पान घ्यावे, एकदा विटेच्या मागे जावे आणि दुसऱ्यांदा केवळ मागचे डोंगर पाहावेत.