चढणीवरचा नकार

महाडहून भोरकडे वरंध घाट चढताना कुणाची जीप बंद पडलेली दिसली, की दोर काढणे हा आमच्याकडचा शिरस्ता. ऑटोमॅटिक गाडी हाती आल्यापासून मात्र आम्ही आधी विचारतो, चढण किती उरली? या गाडीत इंजिनाचा जोर टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून चाकांकडे जातो. ओझे ओढत संथ चढताना इंजिनाकडची पाती पुढे धावतात, चाकांकडची रेंगाळतात. मधले तेल घुसळून निघते, तापते. क्लच-प्लेट जळाली तर वास तरी येतो. इथे समोरचा काटा (तो इंजिनाच्या पाण्याचा!) बराच वेळ शांतच. खालचा गिअर धरला, वळणावर थांबून न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवले, तर तेल कूलरमधून फिरून निवते. तरीही अख्खा घाट ओढायला आम्ही नकार देतो. वेल्ह्याच्या पाबे घाटातही. लोक नाराज होतात. मेकॅनिकला निरोप मात्र आम्हीच पोचवतो.